पवित्र शास्त्र कोणाचे?



"फादर, मला येशू पटतो, चर्च पटत नाही." हे वाक्य अलीकडे निरनिराळ्या तोंडून ऐकू येते. कधी पहाटेची कर्जत लोकल पकडून मुंबईला नोकरीस जाणारा आपलाच तरुण असे म्हणतो. कधी खोपोलीच्या कारखान्यात आपल्या माणसांबरोबर काम करणारा एखादा हिंदू मित्र म्हणतो. यांपैकी अनेकांच्या घरी बायबल असते, मोबाइलवरही असते आणि विशेष म्हणजे ते ते वाचतात. डोंगरावरील प्रवचन त्यांना भावते, उधळ्या पुत्राचा दाखला त्यांना रडवतो. पण मिस्सा, स्नानसंस्कार, धर्मगुरू, समित्या, वर्गणी हे सारे त्यांना त्या पुस्तकाच्या आड येणारे वाटते. धान्य हवे, पोते नको, असा त्यांचा भाव असतो.

यावर आपण बहुधा दोन प्रकारे उत्तर देतो. काहीजण रागावतात आणि चर्चबाहेर वाचलेले बायबल व्यर्थ आहे असे सांगून मोकळे होतात. काहीजण हसून म्हणतात, "देव सगळीकडे सारखाच," आणि विषय बदलतात. पहिल्या उत्तरात प्रेम नाही, दुसऱ्यात विचार नाही. प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. म्हणून आज तो शांतपणे तपासून पाहू. त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. संघटित धर्माच्या बाहेर राहून पवित्र शास्त्राचा अर्थ माणसाला सापडू शकतो का, हा पहिला. आणि सापडला, तर तो पूर्ण असतो का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी लांब जायला नको. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते. विनोबांनी कधी स्नानसंस्कार घेतला नाही, ते कोणत्याही चर्चचे सभासद नव्हते. पण त्यांनी नवा करार इतक्या मन लावून वाचला की त्यातून निवडक वचने घेऊन 'ख्रिस्तधर्मसार' हे पुस्तक सिद्ध केले. तसेच त्यांनी कुराणाचेही सार काढले आणि त्यासाठी ते अरबी शिकले. गीता तर त्यांनी 'गीताई'च्या रूपाने मराठी घराघरांत नेली. पंथांचे दिवस सरले, आता विज्ञान आणि अध्यात्म यांचे दिवस आले, असे ते सांगत असत. धर्मग्रंथाचा गाभा घ्यावा आणि संघटनेचे ओझे मागे ठेवावे, या विचाराचा यापेक्षा प्रामाणिक साधक आपल्या रायगड जिल्ह्याने तरी पाहिला नसेल.

विनोबांचे गुरू महात्मा गांधी यांचेही असेच. लंडनला कायद्याचे शिक्षण घेत असताना त्यांनी बायबल वाचायला घेतले. जुना करार वाचताना त्यांना झोप येई, पण डोंगरावरील प्रवचन थेट हृदयाला भिडले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्या तीन अध्यायांनी त्यांच्या जीवनाला वळण लावले.

मग या माणसांना शास्त्राचा अर्थ कळला नाही असे म्हणायचे का? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. विनोबांचे भूदान पाहा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि सभेतील एका जमीनदाराने उठून १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या, असे ते दारोदार सांगत. येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाची गोष्ट आपण सर्व जाणतो. आपल्या रविवारच्या वाचनमालेत मार्ककृत शुभवर्तमानातील हा उतारा दर तीन वर्षांनी येतो. आपण तो ऐकतो, धर्मगुरू त्यावर प्रवचन करतात आणि आपण घरी जातो. विनोबा तो प्रसंग घेऊन खऱ्याखुऱ्या जमीनदाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. ज्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, तो असे करत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच्या आड येत नाही. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन हे तत्त्ववेत्ते होते आणि रोममध्ये हुतात्मा झाले. देवाच्या शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, म्हणून सॉक्रेटिससारख्या माणसांना जे सत्य दिसले तेही त्याच शब्दाचे देणे आहे, असे ते शिकवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा विचार पुन्हा उजळला. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात परिषदेने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठीही योग्य टीपांसह बायबलच्या आवृत्त्या तयार कराव्यात, असे तिने सुचवले. म्हणजे हे पुस्तक चर्चबाहेर वाचले जाणार, हे ख्रिस्तसभेने केवळ सहन केले नाही, तर तशी इच्छा धरली. आपल्या मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फादर २०२४ साली देवाघरी गेले, पण त्यांचे पुस्तक अख्रिस्ती मराठी वाचकांच्या घरीही पोहोचले आहे.

योहानाने एकदा येशूकडे तक्रार केली की, एक मनुष्य तुमच्या नावाने भुते काढतो, पण तो आमच्याबरोबर चालत नाही, म्हणून आम्ही त्याला मना केले. येशूने त्याला मना करू नका असे सांगितले. या प्रसंगात कोणाची कानउघाडणी झाली ते ध्यानात घ्या. ती बाहेरच्या माणसाची झाली नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. आता दुसऱ्याकडे वळू. तो अधिक कठीण आहे.

आपला मुलूख भाताचा. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या 'कर्जत' नावाच्या भाताच्या जाती तर दूरवर पेरल्या जातात. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको की गिरणीतून तांदूळ निघतो, तेव्हा तूस बाजूला पडते. तूस कोणी खात नाही. खाणाऱ्याला तांदूळच हवा आणि त्याची मागणी रास्त आहे. पण मृगाचा पाऊस आला आणि राबात पेरणी करायची वेळ झाली की कोणी तांदूळ पेरतो का? तांदूळ पेरून रोप येत नाही. पेरायला भातच लागते, टरफलासकट. ज्या तुसाला आपण निरुपयोगी म्हणतो, त्यानेच दाण्यातला जीव पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळलेला असतो.

पवित्र शास्त्राचे असेच आहे. संत पौलाची पत्रे ही एकांतात वाचायची पुस्तके नव्हती. ती करिंथ, थेस्सलनीका, रोम येथील मंडळींना लिहिली गेली आणि जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचली गेली. नव्या करारातील २७ पुस्तके कोणती, याची आज आपण मानतो ती यादी संत अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पास्काच्या पत्रात आढळते. म्हणजे तोवरची तीनशे वर्षे मंडळीनेच ही पुस्तके जपली, पारखली, छळाच्या काळात लपवली. पुढे मठवासीयांनी ती हाताने उतरवून घेतली. भाषांतरकारांनी त्यांत आयुष्ये घातली. विनोबांच्या हाती जो नवा करार आला, तो या सर्व हातांतून आला होता. धर्मसंघटना नको, पण तिने जपलेले पुस्तक हवे, असे म्हणणाऱ्याने हे ऋण निदान ओळखावे. दाणा खायला तूस काढावेच लागते, हे त्याचे म्हणणे खरे. पण त्याच्या मुलांच्या पिढीसाठी कोणी तरी भात राखून ठेवले पाहिजे, हेही तितकेच खरे.

येथे कोणी म्हणेल, "फादर, उपमा तुमच्या सोयीची आहे." तर तिची दुसरी बाजूही बोलू. मळणीच्या वेळी पोचट दाणेही निघतात. वरून ते भातासारखेच दिसतात, टरफल पूर्ण असते, आत मात्र काही नसते. सुपात धरून वारा दिला की उडून जातात. ज्या धर्मग्रामात मिस्सा वेळेवर होते, सण थाटात होतात, पण शास्त्र कोणी उघडत नाही, तेथे टरफल आहे, दाणा नाही. शास्त्राचे अज्ञान हे ख्रिस्ताचेच अज्ञान होय, ही संत जेरोम यांची शिकवण व्हॅटिकन परिषदेने मुद्दाम पुन्हा सांगितली, ती चर्चबाहेरच्यांसाठी नव्हे, ती आपल्यासाठी.

आता आणखी एक पाऊल पुढे जाऊ. एकट्याने वाचणारा माणूस खरोखर एकटा राहतो का? विनोबांची 'गीता प्रवचने' धुळ्याच्या तुरुंगात झाली. पहिले २१ फेब्रुवारी १९३२ ला, शेवटचे १९ जून १९३२ ला. मधले आठवडे मोजून पाहा. अठरा रविवार आणि अठरा अध्याय! दर रविवारी कैदी जमत, एक अध्याय सांगितला जाई, आणि साने गुरुजी तो उतरवून घेत. पुढे १९५९ साली विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे भगिनींचा एक समुदाय प्रार्थना आणि श्रम यांच्या नेमाने राहू लागला. पंथांचे दिवस सरले म्हणणाऱ्या या थोर पुरुषालाही ठरलेला वार, जमलेले श्रोते, लिहून ठेवणारा हात आणि एकत्र राहणारा समुदाय लागला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथाही हेच सांगते. रेल्वेच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार घेतला. परंतु परदेशी मिशनच्या आधाराने चालणारी मंडळी त्यांना या मातीतली वाटेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. स्नानसंस्कार घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. १९१९ साली ते वारले. संघटनेला कंटाळून बाहेर पडलेल्या टिळकांनी काय केले? दरबार भरवला. दरबार एकट्याचा भरत नाही.

हे काही योगायोगाने घडत नाही. डोंगरावरील प्रवचनाची भाषा पाहा. येशू तेथे 'तुम्ही' म्हणतो, शिष्यांच्या घोळक्याला उद्देशून. त्याने शिकवलेली प्रार्थना 'माझ्या' बापाला नव्हे, 'आमच्या' बापाला आहे. आणि क्षमा करा ही आज्ञा एकांतात पाळता येत नाही. तिला कोणी तरी अपराध करणारा लागतो. तो बहुधा पुढच्या बाकावर बसलेला असतो. चर्चमधील भांडणांना कंटाळून घरी बायबल वाचणाऱ्याला शांतता मिळते खरी, पण त्या शांततेत तो जे वाचतो ते आचरणात आणायची जागा मात्र त्याच भांडणात असते.

निवडीचा प्रश्नही आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले थॉमस जेफर्सन यांनी उतारवयात, १८२० च्या सुमारास, शुभवर्तमानांच्या प्रतींतील उतारे पात्याने कापून एका वहीत चिकटवले. येशूची नीती त्यांनी ठेवली, चमत्कार गाळले. त्यांची वही येशूला कबरेत ठेवून धोंड लावली तेथे संपते. पुनरुत्थान त्यात नाही. आता निवड तर आपणही करतो. आपल्या वाचनमालेतही काही ओव्या गाळलेल्या असतात. पण फरक असा की, एकटा वाचणारा बहुधा त्याला पटते ते निवडतो. मंडळीत बसलेल्याला मात्र त्याने न निवडलेला उतारा ऐकावा लागतो. या रविवारी श्रीमंतीविरुद्ध वाचन नको, असे म्हणायची मुभा ना तुम्हाला आहे, ना वेदीवरच्या धर्मगुरूला. जे पटते तेच वाचले, तर पुस्तकात आपलाच चेहरा दिसू लागतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गांधीजींनी एकदा म्हटले होते की, येशू नावाचा पुरुष झालाच नाही असे कोणी सिद्ध केले, तरी डोंगरावरील प्रवचन त्यांच्यासाठी खरेच राहील. हे वाक्य हलके नाही. त्यावर नीट विचार केला पाहिजे.

समजा, गावात कोणी म्हणाला, "कर्ज काढून सण करू नये." हा उपदेश आहे. तो कोण म्हणाला याला महत्त्व नाही. शहाणा म्हणो की वाटसरू, बोल खरा तो खराच. पण समजा, कर्जात बुडालेल्या माणसाला कोणी म्हणाले, "तुझे सारे कर्ज माफ झाले." येथे कोण म्हणाला हेच सर्वस्व आहे. सावकार म्हणाला असेल तर तो माणूस मोकळा झाला. वाटसरू म्हणाला असेल तर तो नुसता वारा. उपदेश बोलणाऱ्यावाचून उभा राहतो, वचन राहत नाही.

शुभवर्तमानात दोन्ही आहेत. शत्रूवर प्रेम करा हा उपदेश आहे. तो गांधीजींना पूर्ण कळला, आपल्यापेक्षा अधिक कळला. पण पक्षाघाती माणसाला येशू म्हणतो की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, तेव्हा तो उपदेश करत नाही. तेथे बसलेले शास्त्री लगेच मनात विचारतात की, देवाशिवाय हे कोण म्हणू शकतो? त्यांचा प्रश्न अचूक होता. येथे बोलणारा कोण, यावर सारे अवलंबून आहे. म्हणूनच संत पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचे तत्त्वज्ञान व्यर्थ, असे तो म्हणत नाही. तत्त्वज्ञान उरेल. पण कर्जमाफी उरणार नाही.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. चर्चबाहेर वाचणाऱ्याला शास्त्रातील उपदेश पूर्णपणे सापडू शकतो. वचन मात्र साक्षीदाराकडून यावे लागते. मला मिळाले ते मी तुम्हाला सोपवले, असे पौल सांगतो. ख्रिस्तसभा म्हणजे मुळात ही सोपवणूक. ती पुस्तकाची मालकीण नाही, ती निरोप पोहोचवणारी आहे. बाहेर राहणाऱ्यांच्या तारणाचा निवाडा करणे हे तर तिचे कामच नव्हे. जे स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमानापासून दूर राहिले आणि मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे परिषदेने १९६४ सालीच स्पष्ट केले आहे.

मग "मला येशू पटतो, चर्च पटत नाही" म्हणणाऱ्याशी आपण कसे वागावे? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. फिलिप धावत रथाजवळ जातो. आधी ऐकतो, मग विचारतो की, वाचता ते समजते का? आणि बोलावल्यावरच वर चढून त्याच्या शेजारी बसतो. तो त्याला रथातून खाली ओढत नाही. आपल्या घरात असा वाचणारा मुलगा असेल, शेजारी असा वाचणारा गुरुजी असेल, तर त्याला प्रथम विचारा, "काय वाचलेस? काय आवडले?" त्याचे ऐका. त्याला दिसलेले एखादे सत्य आपल्या नजरेतून सुटलेले असू शकेल.

आणि त्याने उलट आपल्याला विचारले तर? आपल्या दोन्ही तालुक्यांत डोंगरउतारावरच्या जमिनी फार्महाउससाठी विकल्या जात आहेत. कातकरी बांधवांची कित्येक कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्टीकडे निघतात, आणि राहत्या झोपडीखालची जागाही अनेकांच्या नावावर नसते. गागोद्याच्या एका माणसाने आपले शुभवर्तमान वाचले आणि तो भूमिहीनांसाठी देशभर चालत गेला. तेच शुभवर्तमान आपण दर रविवारी उभे राहून ऐकतो. हा मुलगा विचारील की, ऐकून तुम्ही कुठवर चाललात? त्याला शब्दांनी उत्तर देता येणार नाही.

या आठवड्यात प्रत्येक घरी मत्तयकृत शुभवर्तमानाचे ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय एकदा मोठ्याने वाचावेत. घरात चर्चला न येणारे कोणी असेल, तर वाचायला त्यालाच सांगावे.

प्रभूचा शब्द तुम्हां सर्वांच्या घरी रुजो आणि पिको.

तुमचा,
धर्मगुरू